सोफ्यामागचा सबवूफर

टीव्हीच्या दोन्ही बाजूंना जे सडपातळ, चकचकीत स्पीकर उभे असतात ते मी नव्हे. त्यांच्याकडे पाहुण्यांचं लक्ष जातं, त्यांच्यावरची धूळ रोज पुसली जाते. मी बोलतोय तो सोफ्यामागून. काळा, चौकोनी, मांडीइतका उंच, दोन माणसांनी कण्हत-कुंथत उचलायचा ऐवज. मला सबवूफर म्हणतात. सिनेमात ढग गडगडला, पूल कोसळला, दूर कुठे तोफ उडाली की जो आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो, तो माझा. गाणारी बाई, रडणारं मूल, चावट विनोद, यातलं काहीही माझ्या वाट्याला येत नाही. मला फक्त धम्म करता येतं.

एवढ्या तुटपुंज्या भाषेत माणसाला काय समजावणार? म्हणून या घरात जे झालं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो. गप्पही कुठे बसलो म्हणा! सगळा घोटाळा माझ्याच आवाजानं केला.

पण सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. जाड लाकडी फळ्या एकमेकींना चिकटवून माझी पेटी केली, तिला काळा रंग दिला आणि तोंडावर पंधरा इंचांचा पडदा बसवला. पडद्यामागे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि मोठं थोरलं लोहचुंबक. तारेत वीज आली की पडदा पुढे जातो, मागे येतो, आणि हवा ढकलली जाते. माझी सगळी विद्या एवढीच.

त्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक चाचणीवाली बाई बसायची. प्रत्येकाला वाजवून, डोळे मिटून ऐकायची. माझ्याबरोबर त्याच दिवशी, त्याच लाकडाचा आणखी एक तयार झाला होता. आम्हा दोघांना शेजारी ठेवून तिनं वाजवलं आणि पलीकडच्या टेबलावरच्या बाईला म्हणाली, "जुळे आहेत बघ. दोघं एकदम पुढे, एकदम मागे गेले तर हत्तीचं बळ. एक पुढे आणि दुसरा मागे गेला की बसले एकमेकांचं खोडत. मधे बसणाऱ्याला काही म्हणता काही ऐकू येणार नाही."

"आमच्या घरी तेच चालतं," ती दुसरी म्हणाली. दोघी हसल्या आणि आम्हाला खोक्यात घातलं.

आम्हाला घरी आणणारा मालक नकाशे काढणारा माणूस. लोकांच्या घरांच्या भिंती, दारं, खिडक्या कागदावर मापून काढायच्या हा त्याचा धंदा. स्वभावानं तो वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल. त्याला एकच वेड होतं, घरातल्या हॉलचं सिनेमागृह करायचं. त्यासाठी त्यानं हॉलचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढला होता आणि आम्ही कुठे बसायचं ते लाल फुल्यांनी दाखवलं होतं.

घरात आणखी तिघं. मालकीणबाई, त्यांचे शनिवार-रविवार दुपारी बाहेर शिवणाचे वर्ग असत. नऊ वर्षांची मुलगी, तिला सगळे ठकी म्हणायचे आणि ठकवण्यात ती नावाला जागायची. आणि मालकाचे वडील, अण्णा. अण्णांनी शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात बत्तीस वर्षं काढलेली. पंपावर नुसता तळवा ठेवून ते आतलं दुखणं ओळखायचे, असं ते स्वतः सांगायचे आणि त्यांना भेटायला येणारे जुने सोबतीही सांगायचे. त्यांची खोली हॉलच्या मागच्या भिंतीला लागून. पलंगाचं डोकं त्याच भिंतीला.

आम्हाला बसवायला जोडणीवाला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मालकानं त्याच्यापुढे नकाशा पसरला. त्यानं तो नीट पाहिला, घडी घातली आणि परत दिला.

"नकाशा छान आहे, साहेब. पण हा आवाज नकाशा बघून चालत नाही. कोपऱ्यात फुगतो, मधे कुठेतरी मरतो. प्रत्येक खोलीची तऱ्हा वेगळी. एक काम करा. याला सोफ्यावर बसवू, तुमच्या जागेवर. आणि तुम्ही रांगा."

"मी काय करू?"

"रांगा. भिंतीकडेनं, कान जमिनीजवळ ठेवून. जिथं तुम्हाला आवाज गोल आणि स्वच्छ लागेल, तिथं याची जागा."

मला दोघांनी उचलून सोफ्यावर ठेवलं. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मी सोफ्यावर बसलोय. जोडणीवाल्यानं एक संथ, खर्जातलं संगीत लावलं आणि आमचा मालक, मिलिमीटरमध्ये विचार करणारा माणूस, इस्त्रीच्या पँटीत गुडघ्यांवर आला. रांगत कपाटाखाली डोकावला. रांगत खिडकीपाशी गेला. ठकी त्याच्या पाठीवर बसायला बघत होती. मालकीणबाई दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आवाज ऐकून अण्णाही आले.

"काय हरवलंय का रे?"

"काही नाही अण्णा. वूफरची जागा शोधतोय."

अण्णा सुनेकडे वळले. "सूनबाई, हा लहानपणी रांगलाच नव्हता बरं का. एकदम उभा राहिला. राहिलेलं आता पुरं करून घेतोय."

इतकं हसू त्या हॉलमध्ये मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

रांगून रांगून सर्वांत उत्तम जागा सापडली ती नेमकी दारात. "म्हणजे आम्ही काय उड्या मारून आत-बाहेर करायचं?" मालकीणबाई म्हणाल्या, आणि ती जागा बाद झाली. मग जोडणीवाल्यानं तोडगा काढला. माझा जुळा पुढे, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात. मी सोफ्यामागे, मागच्या भिंतीपासून दोन फूट सोडून. सोफा आमच्या दोघांच्या मधे. सोफ्यावर काठीला माईक लावून त्यानं तासभर मापं घेतली, माझ्या पाठीवरची बटणं केसभर इकडे, केसभर तिकडे केली. जाताना बजावून गेला, "मागच्याला हात लावू नका. हलवायचाच झाला तर मला फोन करा."

पहिला सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहिला. अण्णाही सोफ्यावर होते. पावसाचा गडगडाट झाला तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "दम आहे हो तुझ्या खोक्यांत." आम्ही दोघं जुळे एकदम पुढे, एकदम मागे जात होतो. बटण अगदी थोडंसं फिरवलेलं होतं, तेवढ्यात सगळं भागत होतं. ते आठ दिवस आमचे सुखाचे.

नवव्या दिवशी मालकाला सोफ्यावर मागे रेलायचं होतं. तो पाठ टेकवून आडवा होणारा सोफा होता आणि आडवा होताना त्याची पाठ मला अडत होती. फोन करायचा तर जोडणीवाल्याला बोलवा, त्याची वेळ बघा, तो परत मापं घेणार. "दीड-दोन फुटांचा तर प्रश्न," मालक स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं मला खांद्यानं रेटत भिंतीला लावलं. रेटताना माझ्या पाठीतली वायर सुटली. माझ्यात आणि भिंतीत आता चार बोटांची फट. मालकानं त्या फटीत हात घातला, जिभेचं टोक दातांत धरून चाचपडत वायर परत खोचली. खोचता खोचता त्याच्या बोटाचा धक्का एका छोट्या खटक्याला लागला.

तो खटका माझ्या पाठीवर आहे. त्याच्या एका बाजूला शून्य लिहिलंय, दुसऱ्या बाजूला एकशेऐंशी. शून्यावर असला की मी जुळ्याच्या बरोबरीनं चालतो. एकशेऐंशीवर गेला की बरोबर त्याच्या उलट. काही खोल्यांत त्याची गरज पडते म्हणे. आमच्या खोलीत नव्हती. 'टक्' एवढाच आवाज झाला, तोही मालकाला ऐकू आला नाही.

त्या दिवसापासून माझा जुळा पुढे गेला की मी मागे, तो मागे की मी पुढे. सोफ्यापर्यंत पोचेतो आमच्या दोघांचे आवाज एकमेकांना पुसून टाकत. आणि माझ्या पाठीशी मात्र भिंत होती, तिच्यात माझा एकट्याचाच आवाज शिरायचा.

मालक सोफ्यावर आडवा झाला आणि दहा मिनिटांत उठून बसला. "ठकी, आज दम वाटत नाही गं."

"बाबा, तोफ उडाली तरी काही कळलं नाही."

झालं. नाचता येईना अंगण वाकडं. मालकानं दोष खोलीला दिला. खिडक्यांचे पडदे जाड केले. भिंतींवर स्पंजाचे करडे तुकडे चिकटवले, हॉल आतून गादीसारखा दिसू लागला. दर शनिवारी त्या फटीत हात घालून माझं आवाजाचं बटण थोडं थोडं वाढवायचा, पुढे जाऊन जुळ्याचंही वाढवायचा. खटक्याच्या शेजारून त्याचं बोट जायचं. दर वेळी मला वाटायचं, आता लागेल, आता कळेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी असं सहा आठवडे बघितलं. शेवटी माझं बटण पार टोकाला गेलं. सोफ्यावर तरीही शुकशुकाट.

आणि भिंतीपलीकडे अण्णा दुपारचे पडलेले असत.

भिंतीला चिकटल्यामुळे त्या खोलीतलं सगळं मला कळायचं. कपाटाचं दार थरथरायचं. औषधांच्या बाटल्या एकमेकींना टेकून किणकिणायच्या. अण्णांची कूस बदलल्याचा आवाज यायचा, मग उठून बसल्याचा. एकदा ते भिंतीवर तळवा ठेवून बराच वेळ उभे होते. मला भिंतीतून तो तळवा कळला. पण सिनेमात भूकंप चालला होता, मला थांबता आलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी सहज सांगितलं. "अरे, दुपारी माझ्याकडची भिंत घुमते. तुझा सिनेमा चालू असतो तेव्हा."

"अण्णा, इथे सोफ्यावर मलाच काही ऐकू येत नाही हो. रिमोटवर आकडा पस्तीसच असतो." आकडा खरंच पस्तीस असायचा. माझ्या पाठीवरचं बटण मात्र टोकाला होतं.

पुढच्या रविवारी अण्णांनी खोलीतूनच हाक मारली. "आता ये! आता बघ!"

मालक लगेच उठला. वडिलांची हाक टाळणारा तो नव्हे. पण उठताना म्हणाला, "ठकी, थांबव गं सिनेमा. अण्णा काय म्हणतात बघून येतो."

ठकीनं थांबवला. माझ्या तारेतली वीज गेली आणि मी ठार मुका झालो.

मालक अण्णांच्या पलंगावर बसला. भिंतीला कान लावला. माझ्या पाठीपासून त्याचा कान वीतभर अंतरावर असेल. मी ओरडावं म्हटलं तर ओरडणार कशानं?

"कुठे आहे आवाज?"

"आता नाही. मघाशी होता."

"मघाशी म्हणजे?"

"तू यायच्या आधी."

मालकानं भिंतीवरून कान काढला. मग वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पडा तुम्ही. मी सिनेमा लावतो." तो हॉलमध्ये येऊन बसला, ठकीनं बटण दाबलं आणि मी पुन्हा सुरू झालो. असं तीन रविवार झालं. तिन्ही वेळा तो मनापासून गेला, आणि तिन्ही वेळा सिनेमा थांबवून गेला. माणसाचं हे मला कधी कळलं नाही. आवाज ऐकायला जायचं तर आधी शांतता का करतात?

चौथ्या रविवारी अण्णा स्वतः हॉलमध्ये आले. सिनेमा चालू असताना. मनात आलं, आता सुटलो. चार पावलं मागे या, अण्णा, माझ्याजवळ या, हात लावा. पण ते सोफ्याशेजारी उभे राहिले, मालक बसतो तिथेच. टीव्हीवर कडा कोसळत होता. अण्णांनी मान तिरकी करून ऐकलं. त्या जागी काही नव्हतं. आम्ही दोघं जुळे जीव तोडून वाजत होतो आणि त्या जागी काही म्हणता काही नव्हतं.

"काय झालं, अण्णा?"

"काही नाही रे. बघू म्हटलं." त्यांचा आवाज पडला होता. ते परत जाऊन पलंगावर बसले, आणि भिंत घुमतच होती.

मालकानं त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आल्यावर हॉलमध्ये बसून मालकीणबाईंना सांगत होता. "डॉक्टरांनी विचारलं, काम काय करायचात? पंपघरात म्हटल्यावर ते म्हणाले, मग बरोबर आहे. बत्तीस वर्षं पंपांची घरघर ऐकली, ती कानात बसलीय. बाहेर आवाज नसतो, तरी यांना येतो. सकाळ-संध्याकाळ गोळ्या दिल्यात."

"पण फक्त शनिवार-रविवारीच कसा येतो?" मालकीणबाईंनी विचारलं. तेवढं एक शहाणपणाचं वाक्य त्या घरात कोणीतरी बोललं.

"बाकीच्या दिवशी बाहेर फिरून येतात, गप्पा असतात. सुट्टीच्या दुपारी पडून असतात, मग मन तिकडेच जातं. डॉक्टरच म्हणाले." मालकीणबाईंनी मान हलवली. डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर बोलणं खुंटतं.

अण्णा मुकाट्यानं गोळ्या घेऊ लागले. कानात कापूस घालू लागले. माझ्या आवाजाला कापूस काय करणार, तो हाडांतून शिरतो. मग ते शनिवार-रविवार दुपारी चप्पल घालून बाहेर जाऊन बसायचे. उन्हातून आल्यावर ठकीला विचारायचे, "संपला का गं सिनेमा?" भिंतीबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. ज्या माणसानं शहराचे पंप तळहातावर तोलले, तो आता स्वतःच्या तळहाताला खोटं ठरवत होता. आणि ते कोणामुळे, तर माझ्यामुळे. मला त्या दिवसांत मनातून वाटायचं, माझा पडदा फाटावा, वेटोळं जळावं. पण माझी बनावट भक्कम. चाचणीवाल्या बाईनं पारखून घेतलेला मी.

महिन्याभरानं अण्णांनीच विषय काढला. "मी ताईकडे जाऊन राहतो थोडे दिवस." ताई म्हणजे मालकाची थोरली बहीण, दुसऱ्या गावी असते.

"का अण्णा? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. हवापालट. आणि माझ्यामुळे तुम्हाला सिनेमा लावायला उगीच संकोच नको."

"तसं काही नाही," मालक म्हणाला. पण 'जाऊ नका' असं तो म्हणाला नाही. अण्णांनी बहुधा तेवढ्यासाठी थोडा वेळ वाट पाहिली. मग गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली. ठकी त्यांच्या पिशवीला लोंबकळून रडली. थोडे दिवस म्हणून गेलेले अण्णा महिना झाला तरी परतले नाहीत.

एका रविवारी मालक अण्णांच्या खोलीत घराचे जुने कागद शोधत होता. ठकी हॉलमध्ये एकटी होती. तिनं आपला सिनेमा लावला. त्यात समुद्र खवळतो.

मी सुरू झालो. पलीकडे कपाटाचं दार थरथरलं. कागदांची सळसळ थांबली.

"ठकी! काय पाडलंस?"

"काही नाही, बाबा!"

मालक पलंगावर बसला असावा, कारण पलंग करकरला. मग त्याचा तळवा भिंतीवर आला. मी धडधडत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी जीव ओतून वाजलो. सिनेमा जेवढं देत होता तेवढंच वाजू शकत होतो, पण त्या दिवशी समुद्र भरपूर होता.

"थांबव!" तो ओरडला. ठकीनं थांबवला. "लाव परत!" तिनं लावला. "थांबव! लाव!"

"बाबा, नीट बघू द्या ना!"

तो धावत हॉलमध्ये आला, सोफ्याशेजारी उभा राहिला. काही नाही. धावत परत खोलीत गेला. तिथे भिंत घुमत होती. मग त्यानं दोन्ही हातांनी मला भिंतीपासून ओढून काढलं, मोबाइलचा दिवा पाठीवर मारला, आणि त्याला तो खटका दिसला.

तो खाली बसला.  ठकी सोफ्यावरून वाकून बघत होती. "बिघडलाय का?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "हा नाही बिघडला."

त्यानं खटका शून्यावर नेला. सोफ्यावर जाऊन बसला. समुद्राची एक लाट आली आणि ती अशी आली, की ठकी दचकून त्याला बिलगली. चार-साडेचार महिने ज्याच्यासाठी त्यानं जिवाचं रान केलं तो आवाज त्याच्या छातीवर येऊन बसला होता. त्यानं रिमोट उचलला आणि बंद केलं. माझी वायर काढली. जुळ्याचीही काढली.

संध्याकाळी मालकीणबाई आल्यावर त्यानं सांगितलं. त्यांनी हातातली शिवणाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, आत्ता फोन लावा."

त्यानं लावला. फोन हॉलमध्येच होता, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. मी वायरीविना सोफ्यामागे, सगळं ऐकत.

अण्णा मजेत होते. "अरे, उत्तम गुण आला गोळ्यांचा! इथे आल्यापासून एकदासुद्धा आवाज आला नाही. डॉक्टर हुशार आहेत हो तुझे. इथल्या शेजाऱ्यांनासुद्धा मी त्यांचं नाव सांगितलं."

मालकानं फोन तोंडाजवळ ओढला.

"अधूनमधून थोडं होतं," अण्णा पुढे म्हणाले. "मागच्या आठवड्यात ताईच्या कपडे धुण्याच्या मशीनवर हात ठेवला तर हादरा वेगळाच लागला. म्हटलं, झालं, आपलं सुरू झालं परत. म्हणून एक गोळी जास्त घेतली. आणि गंमत बघ, काल ते मशीन खरंच बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, आतलं बेअरिंग गेलंय. योगायोग असतात एकेक."

मालकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"अण्णा," मालक म्हणाला, "तो योगायोग नव्हता. आणि इथला आवाजही खरा होता. माझ्या हातून वूफरचा खटका उलटा झाला होता. तुमची भिंत घुमत होती. मी आज बसलो तुमच्या पलंगावर. मला लागला आवाज."



"अरे, तू आधीही बसला होतास की. तीनदा. कान लावला होतास. काही नव्हतं तेव्हा."

"मी सिनेमा थांबवून यायचो, अण्णा!"

"आणि मी हॉलमध्ये आलो तेव्हा तर चालू होता ना? तिथेही नव्हतं काही."

"तिथे यायचाच नाही. दोघं उलटे चालले होते. पंपाच्या मोटरची तार उलटी लागली की ती उलटी फिरते ना, तसं..."

"मोटरचं वेगळं असतं रे." अण्णांचा आवाज मऊ झाला, ठकीची समजूत काढताना व्हायचा तसा. "तू मनाला लावून घेतलंयस. मी गेलो म्हणून तुला खात असेल, माहीत आहे मला. म्हणून मला बरं वाटावं असं काहीतरी सांगतोयस. कशाला? म्हातारपणी व्हायचंच."

"मी उद्या न्यायला येतो तुम्हाला. तुम्ही स्वतः हात लावून बघा."

"नको." हे मात्र त्यांनी घाईनं म्हटलं. "इथे बरा झालोय. तिकडे आलो आणि परत सुरू झालं तर? नको रे बाबा. ठेवतो, गोळीची वेळ झाली."

या गोष्टीला आता दोन महिने झाले. मालक दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा एकटाच परत आला. त्यानं जोडणीवाल्यालाही फोनवर अण्णांशी बोलायला लावलं. अण्णा त्याला म्हणाले, "माझ्या मुलानं तुम्हाला हे सांगायला सांगितलं ना? भला आहे तो." कानाचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या थांबवा. अण्णा म्हणाले, थांबवून पाहिल्या, भीती वाटते.

मी अजून सोफ्यामागेच आहे, वायरीविना. माझ्यावर इस्त्रीला जायचे कपडे ठेवतात. ठकी कधी माझ्यावर बसून पाय हलवत अभ्यास करते. सिनेमे छोट्या स्पीकरांवर चालतात, तेही कमी. मालक कधी कधी येऊन त्या खटक्याकडे बघतो, बोटानं त्याला स्पर्श करतो आणि जातो. त्याला शिव्या द्याव्यात असं मला वाटत नाही. त्याच्यापाशी तोंड होतं, ते त्यानं उशिरा का होईना उघडलं. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

माझ्यापाशी तर तेही नाही. तरी एकदा बोलून टाकतो, भिंतीला सांगावं तसं. अण्णा, तुमचे कान चांगले आहेत. तुमचा हात चांगला आहे. ताईंच्या मशीनचं तुम्हाला बरोबर कळलं होतं. तो आवाज तुमच्या डोक्यातला नव्हता हो. माझा होता.